बाळंतपणाची पिशवी आणि आजीचं लुगडं

प्रश्न: मावशी, मी सुरतला उधन्याला राहते. सातव्यात ओटी भरली आणि माहेरी आले, अमळनेर तालुक्यात. पहिलीच खेप आहे, सोनोग्राफीत २० मे तारीख दिली आहे. गावापासून तालुक्याचा दवाखाना १४ किलोमीटरवर आहे, तिथे नाव घातलंय. मोबाईलवर बघून दवाखान्यात न्यायच्या पिशवीची यादी केली तर साठ-सत्तर वस्तू झाल्या. इकडे आई बाळासाठी साधं टोपडंही घेऊ देत नाही. "बाळ व्हवाना पहिले काहीच लेवानं नही, नजर लागस," म्हणते. मोठ्या बहिणीच्या पहिल्या वेळेला आईने स्वतः झबली शिवली होती आणि ते बाळ दोन दिवसांत गेलं. नंतर बहिणीला मुलगी झाली, ती आता तीन वर्षांची आहे, पण आईच्या मनातली भीती गेली नाही. तिला दुखवायचं नाही. पण रात्री-अपरात्री निघावं लागलं तर? नेमकं काय घेऊ?

पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझी आईच डोळ्यांसमोर आली. स्वतः शिवलेली झबली जिला तशीच घडी घालून ठेवावी लागली, ती पुन्हा सुई हातात घ्यायला भिणारच. तिच्याशी वाद घालू नकोस. तशी वेळही येणार नाही, कारण बाळाला पहिल्या आठ दिवसांत जे लागतं त्यातलं जवळजवळ काहीच दुकानातून आणावं लागत नाही. आपल्या जुन्या बायका बाळाला आधी जुनंच घालायच्या, आणि नवं यायचं ते बारशाला, बाळंतविड्यात. यात मोठं शहाणपण होतं. नव्या कापडात खळ असते, शिवण कडक असते, रंग कच्चा असू शकतो. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड नवजात कातडीला टोचत नाही आणि पाणीही पटकन टिपतं.

म्हणून आईला "बाळाचे कपडे घेऊया" असं म्हणूच नकोस. "आजीचं एखादं जुनं सुती लुगडं आहे का गं?" एवढंच विचार. खानदेशातल्या कुठल्याही घरात पेटी उघडली तर एक तरी नऊवारी निघते. तिची चार मोठी दुपटी होतात, वीसेक चौकोनी फडकी होतात आणि लंगोटही निघतात. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुझी बहीण येईलच ना? तिला फोन करून सांग, तिच्या लेकीची तान्हेपणीची सहा झबली आणि दोन टोपडी घेऊन ये. सुखरूप वाढलेल्या लेकराचे कपडे नव्या बाळाला घालायचे, ही तर आपलीच रीत. त्याला तुझी आई नाही म्हणणार नाही. उलट ती झबली हातात घेतल्यावर तिला बरंच वाटेल असं माझं मन सांगतं.

पण इथे एक गोष्ट फार जपून. पेटीतल्या लुगड्याला डांबर गोळ्यांचा वास येतो का ते आधी बघ. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतःच कमी असतो आणि ते आधी कुणालाच माहीत नसतं. अशा बाळाच्या अंगाला डांबर गोळ्यांत ठेवलेलं कापड लागलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, आणि कावीळ इतकी चढू शकते की मेंदूला इजा व्हावी. तेव्हा कापड आजच बाहेर काढ. साबणाने दोनदा धू आणि चार-पाच दिवस कडक उन्हात वाळव. एप्रिलमधलं आपल्याकडचं ऊन या कामाला उत्तम. मग नाकाशी धरून बघ. थोडाही वास राहिला असेल तर ते कापड बाळासाठी वापरायचं नाही, दुसरं शोधायचं. बहिणीकडून येणारे कपडेही असेच धुऊन, वाळवून, गरम इस्त्री फिरवून घे. पिशवीतही त्या गोळ्या टाकू नकोस.

आता पिशवी. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं प्रसूती कक्षात गेली. ही पिशवी तू भरशील, पण उघडणार दुसरंच कुणीतरी. बहुतेक तुझी आई, तीही रात्री, घाबरलेली, आणि वॉर्डातला एक दिवा गेलेला. त्या क्षणी तिच्या हाताला हवं ते लागलं तर पिशवी नीट भरली म्हणायची.

मी दाराच्या आतल्या बाजूने हे किती वेळा बघितलंय. बाळ झालेलं असतं. सिस्टर दार चार बोटं उघडते, हात बाहेर काढते आणि म्हणते, "बाळाचे कपडे द्या." बाहेर आजीबाई मोठ्या बॅगेत कोपरापर्यंत हात घालतात. टॉवेल निघतो, लाडवांचा डबा निघतो, चार्जर निघतो, त्यांचं स्वतःचं लुगडं निघतं, आणि झबलं काही सापडत नाही. आत बाळ ओलं असतं. बाहेर ४४ अंश उन्हाळा असला तरी ओलं बाळ पंख्याखाली मिनिटाभरात गार पडतं. त्याला लगेच कोरडं करायचं असतं, ओलं झालेलं फडकं बाजूला टाकून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं असतं आणि वरून दुसरं कोरडं पांघरायचं असतं.

म्हणून एक गाठोडं वेगळं बांध. त्यात दोन मोठी मऊ दुपटी (एक टिपायला, एक पांघरायला), एक टोपडं, एक झबलं, दोन लंगोट, आणि तुझ्यासाठी दोन मोठे पॅड व एक चड्डी. सगळं आजीच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून गाठ मार आणि पिशवीत सगळ्यात वर ठेव. आईला आत्ताच, दिवसाउजेडी, हातात देऊन दाखव: "आतून हात आला की हे द्यायचं." बाकी सारं विसरलं तरी चालेल, हे नाही.

पिशवी म्हणजे साधी, वरून उघडी, खांद्याला लावता येईल अशी. कुलूप नको. १९८७ च्या जानेवारीत माझी पहिली खेप होती. आईने हौसेने लोखंडी ट्रंक भरली, कुलूप लावलं, आणि निघायच्या गडबडीत किल्ली घरी तिच्या चंचीत राहिली. माझं पोर तिथल्या एका ओल्या बाळंतिणीने दिलेल्या दुपट्यात गुंडाळलं गेलं. पावराबाई होती ती, सातपुड्याच्या पाड्यावरची. तिच्याकडे तीनच फडकी होती, त्यातलं एक तिने माझ्या आईच्या हातात ठेवलं आणि परत मागितलं नाही. त्या दुपट्याची कड निळी होती, मला अजून आठवते. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, दोन फडकी जास्तीची घे. शेजारच्या खाटेवर कुणाला तरी लागतात.

कपड्यांइतकीच मोलाची तुझी फाइल, आणि तुझ्या बाबतीत ती थोडी अवघड आहे. तुझी सुरुवातीची तपासणी सुरतेत झाली म्हणजे तुझ्याकडे गुजराती ममता कार्ड असणार. त्यावरची अक्षरं आणि आकडेसुद्धा गुजराती. इथल्या डॉक्टरांना रात्री दोन वाजता ते लावत बसायला लावू नकोस. आज संध्याकाळी बसून एका कोऱ्या कागदावर मराठीत उतरवून काढ: शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट, दर महिन्याचं हिमोग्लोबिन आणि बीपी, धनुर्वाताची इंजेक्शनं कधी झाली, एचआयव्ही, कावीळ बी, थायरॉइड आणि शुगरचे निकाल, कुठल्या औषधाची रिअॅक्शन येते का. सिकलसेलची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली असेल तर तोही निकाल लिही, आणि झाली नसेल तर पुढच्या तपासणीला नक्की विचार. आपल्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारकडे, सिकलसेल बऱ्याच घरांत असतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो लाल पेनाने लिही. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर तुला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं आणि ते मिळवायला कधीकधी धावपळ होते. सगळ्या सोनोग्राफी तारखेप्रमाणे लाव. वार खाली आहे की वर, हे शेवटच्या सोनोग्राफीत असतं. तोच कागद घरी राहिल्यामुळे चाळीस किलोमीटर मोटारसायकल पिटाळणारा नवरा मी बघितलाय. फाइलचे फोटो मोबाईलमध्ये घे, आईच्या किंवा भावाच्या मोबाईलमध्येही टाक.

फाइलीत तुझं आणि नवऱ्याचं आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, तुझ्या स्वतःच्या खात्याचं पासबुक. आणि आणखी एक चिठ्ठी, जी कुणी ठेवत नाही: जन्मनोंदणीसाठी आईचं पूर्ण नाव, वडिलांचं पूर्ण नाव आणि पत्ता, मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगसह, अगदी आधारवर आहे तसं. दवाखान्यात फॉर्म भरताना घाईत कुणीतरी ऐकून लिहितो, आणि पुढे ते एक अक्षर सुधारायला महिनोन् महिने चकरा माराव्या लागतात. तुझं आधार अजून माहेरच्या नावाने असेल तर कुठलं नाव लावायचं ते घरात आधीच ठरवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे, म्हणजे आईचं नाव बाळाच्या प्रत्येक कागदावर येणार. नोंद २१ दिवसांत मोफत होते. बाळाचं नाव तेव्हा ठरलेलं नसलं तरी नंतर घालता येतं.

पैशांचं थोडक्यात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी, हे सारं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, २०११ पासून. जेवण साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझरमध्ये सात दिवस. मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये असतात. सुरतेत फॉर्म भरला होतास का ते नवऱ्याला विचार आणि नसेल तर इथल्या आशाताईंना गाठ. तरीही हाताशी थोडी रोकड सुट्ट्यांसकट ठेव, रात्री रिक्षावाल्याकडे क्यूआर कोड असतोच असं नाही.

तुझे कपडे: पुढून उघडणारे तीन सुती गाऊन. परकर नेऊ नकोस, सिझर झालं तर नाडी नेमकी टाक्यांवर येते. त्याच कारणासाठी चड्ड्या नेहमीपेक्षा एक माप मोठ्या आणि पोटावर वरपर्यंत येणाऱ्या घे, पाच-सहा, जुन्या असल्या तरी चालतील, डाग पडणारच आहेत. मोठे पॅड दोन पाकिटं. न घसरणारी चप्पल, कारण बाळंतिणी पडतात त्या बहुतेक बाथरूममध्ये. कंगवा, साबण, दात घासायचं सामान, खोबरेल तेलाची लहान बाटली. हे तेल बाळालाही लागेल: पहिले दोन-तीन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट असते, आणि आधी तेलाचं बोट फिरवलेलं असलं तर ती ओल्या फडक्याने अलगद निघते. एक चादर, बादली-मग, स्टीलचा पेला, ताट, चमचा. सोनं घरी. मंगळसूत्र काढायला सांगतील तेव्हा रुमालात बांधून आईच्या कमरेला. नेलपॉलिश आधीच काढून टाक, कारण बोटाला लावायच्या यंत्राला त्यातून नीट दिसत नाही.

खाण्याच्या बाबतीत आई तुझं ऐकणार नाही, आणि ऐकू नये. डिंकाचे, मेथीचे लाडू ती करेलच. ते घरी ठेवा, आठवड्याने सुरू करा. कळा चालू असताना पेज, लिंबू-सरबत, नारळपाणी असं पातळ लागतं, तेही सिस्टरला विचारून. बाळंतपणानंतर मुगाची मऊ खिचडी. मग घरी आलीस की शेपूची भाजी आणि बाजरीची भाकर तुझी वाट बघत असतीलच.

आणि आईसाठी काय घेतलंस? तुझ्या पत्रात मला ते कुठे दिसलं नाही. ती दोन रात्री बाकावर काढणार आहे. तिच्या बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या असतील तर आठ दिवसांच्या पिशवीत टाक. मी प्रसूती कक्षाबाहेर चक्कर येऊन पडलेल्या आया उचलल्या आहेत, दोन दिवस गोळीच घेतली नव्हती म्हणून. तिला एक लुगडं जास्तीचं, पांघरायला चादर, कळण्याच्या भाकरी आणि कोरडा ठेचा, पाण्याचा थर्मास. कक्षात तुझ्यासोबत एक बाई थांबू देतात का ते पुढच्या तपासणीलाच विचार. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीला परवानगी द्यावी असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे. जी आत येणार तिचे कपडे स्वच्छ असावेत आणि तिने स्वतः बाळंतपण काढलेलं असावं. बहीण तोवर थांबणार असेल तर आईची घालमेल बघता आत बहिणीने जावं, असं मला वाटतं. तुम्ही तिघी मिळून ठरवा.

बाळाला मेमध्ये स्वेटर, लोकरी टोपी, मोजे काही नको. पहिली काही तासांची ऊब मिळाली की आपल्या उन्हाळ्यात एक सुती झबलं आणि पातळ दुपटं पुरतं. हातपाय जरा गार लागले तर घाबरू नका, पोटाला हात लावून बघा. पोट तापलेलं आणि बाळ लाल झालेलं असेल तर आधी गुंडाळलेलं सोडा, आणि पाच-दहा मिनिटांत उतरलं नाही तर सिस्टरला हाक मारा. कूलरचा झोत थेट अंगावर नको. वीज गेली तर म्हणून हातपंखा ठेव.

बाटली, पावडरचा डबा, मध, घुटी, काजळ हे पिशवीत येता कामा नये. भेटायला येणारी कुणी मध-सोनं चाटवायला आणेल, तिला गोड बोलून थांबवा. मधातून तान्ह्या बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते. पहिल्या तासात बाळाला छातीशी घे. सुरुवातीचा पिवळा चीक चमचाभरच निघतो आणि तेवढाच पुरतो, कारण त्या दिवशी बाळाचं पोट बोराएवढं असतं. कितीही उकाडा असला तरी बाळाला पाणी पाजू नका, आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. एक लहान वाटी-चमचा मात्र घे, उकळून. बाळ ओढत नसेल तर पिळून काढलेलं दूध त्यानेच पाजतात.

हे सगळं २२ एप्रिलच्या आत भरून दाराजवळच्या खुंटीला टांग. १०२ आणि १०८ हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, गावातल्या एका गाडीवाल्याला सांगून ठेवा. रक्त लागलं तर देऊ शकतील अशा दोघांची नावं चिठ्ठीवर असू देत. नवरा सुरतहून ताप्ती लाईनच्या गाडीने निघेल तोवर बराच वेळ जाईल, त्याच्यावर विसंबू नका.

आणि हे नीट वाच, आईलाही वाचून दाखव: पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा चेहरा-हात एकाएकी सुजले, तर कळांची वाट बघायची नाही. पिशवी खुंटीवर राहिली तरी राहू दे, फक्त फाइल उचला आणि निघा. कपडे मागून कुणीही आणून देईल.

तुझ्या साठ-सत्तर वस्तूंतल्या बाकीच्या खोडून टाक. आईला लुगड्याचं आज रात्रीच विचार. पेटी तिलाच उघडू दे, आणि फडकी फाडायची वेळ येईल तेव्हा एक टोक तू धर, दुसरं तिच्या हातात दे.

तुझी,
मावशी